दोनदा क्लच
गिअर ऑइलचा गंधकासारखा वास दोन धुण्यांतही कपड्यांतून जात नाही. परवा जुन्या शर्टाला तो आला आणि जासईजवळचा उड्डाणपूल आठवला. लष्कराच्या लिलावातली एक जुनी पिकअप मी तिथल्या शेडमध्ये ठेवली होती आणि दर रविवारी पनवेलहून जाऊन हौसेनं दुरुस्त करत होतो. त्या दिवशी गिअरबॉक्स नुकताच परत चढवला होता. आतला एक दात तुटला असता तरी तसला भाग पुन्हा मिळणं कठीण होतं. त्या गाडीला क्लच दोनदा दाबावा लागतो, एकदा न्यूट्रलला आणताना आणि एकदा गिअर टाकताना, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं. म्हणून शेजारच्या कंटेनर यार्डातल्या वॉचमनकाकांना बरोबर घेतलं. त्यांनी फौजेत वीस वर्षं असल्याच गाड्या चालवल्या होत्या. स्टेअरिंगला मात्र त्यांनी हात लावला नाही. "एक डोला गेलाय माजा. तुमी चालवा, मी बाजूला बसतो," म्हणाले. पुलाच्या चढावर गाडी दमली. मागे ट्रेलर हॉर्न देत होता आणि तिसऱ्यावरून दुसरा टाकताना नुसती खरखर आली. काकांची डावी चप्पल पायाखालच्या पत्र्यावर आपटली, थोडं थांबून पुन्हा आपटली. मी त्याच ठेक्यात क्लच दाबला आणि गिअर आवाज न करता बसला. पूल उतरल्यावर ते म्हणाले, "आता माजं काय काम नाय," आणि उतरून ड्युटीवर चालत गेले. हल्लीच्या माझ्या गाडीला क्लचच नाही. तरी चढ आला की माझा डावा पाय मॅटवर आपटतो, थोडं थांबून पुन्हा आपटतो.