मीठ न घातलेली पेज

मंडळी, आज दुपारी खाडीतल्या आमच्या बेटावर मामीकडे जाऊन आलो. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये.

मामीने पेज वाढली. पहिलाच भुरका खारट लागला. मी चेष्टेत म्हटलं, "मामी, आज मिठाला हात सुटला काय?"

"मीठ घातलाच नाय रे. बावीचा पानीच तसा झालाय."

ही बाव म्हणजे पणजोबांच्या वेळची, जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली विहीर. चारी बाजूंनी खाडी आणि मधोमध हे गोड पाणी. लहानपणी आम्ही ते कळशीत भरून रत्नागिरीला न्यायचो. मग खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटला. भरतीचं पाणी आधी शेतात शिरलं, नंतर बावीत. बांध घालणार कोण? पोरं सगळी मुंबईला. आणि मीसुद्धा पेज खाऊन संध्याकाळच्या होडीने परतणारा पाहुणाच की!

निघताना सवयीने विचारलं, "पुढच्या खेपेला काय आणू?"

दरवेळी ती म्हणते, "काय नको, तू ये म्हणजे झाला."

आज म्हणाली, "पानी आण."

मी "हो" म्हटलं. तुम्ही काय म्हणाला असतात?