आईचं नाटक

आप्पांच्या छातीत दुखून गेल्याला जेमतेम महिना झाला होता. डॉक्टरांनी त्यांना जिना, मीठ आणि काळजी तिन्ही बंद करायला सांगितलं होतं. मीठ आईनं घरादाराचंच बंद केलं. काळजीवर मात्र तिनं स्वतः पहारा बसवला. मरणाधरणाची गोष्ट आप्पांच्या कानावर पडता कामा नये, असा तिचा सक्त हुकूम होता.

त्या बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी वडगावला माहेरी गेले, तर टीव्ही बंद आणि रेडिओ चालू. समोरच्या घरातले साड्या विणायचे माग थांबल्याशिवाय आमच्याकडे रेडिओ ऐकू येत नाही, म्हणून आप्पांची संध्याकाळ सातनंतरच सुरू होते. आधी गाणं झालं. आप्पा मांडीवर ताल धरतात, समेवर हमखास चुकतात आणि चूक गवयाची असल्यासारखा चेहरा करतात.

मग धारवाडहून कन्नड भाषण लागलं. आई सदलग्याची, कन्नड शाळेत शिकलेली. लग्न झाल्यापासून कन्नड कार्यक्रम ती आप्पांना मराठीत सांगत आली आहे. उसाच्या किडीवरचं ते लांबलचक भाषण तिनं “कीड लई वाईट म्हणतोय” एवढ्यात उरकलं.

नाटकात मात्र ती जीव ओतते. त्या दिवशीच्या नाटकात एक म्हातारा दवाखान्यात होता आणि त्याचा मुलगा परगावाहून धावत निघाला होता. आई लसूण सोलता सोलता वाक्यावाक्याचं मराठी करत होती. मुलगा पोचला, आणि रडत म्हणाला, “नम्मप्प सत्त.” माझे वडील गेले.

आईचा हात थांबला. मग ती शांतपणे म्हणाली, “घरी सोडलं बघा म्हाताऱ्याला. पोरगं आनंदानं रडतंय.”

मी तिच्याकडे बघितलं. मला ऑफिसात दिवसभर कन्नडच बोलावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्यावर डोळे वटारले. आप्पा “बरं झालं” म्हणाले आणि आई फोडणी घालायला आत गेली.

ती गेल्यावर आप्पांनी रेडिओ बारीक केला.

“चाळीस वरसं कन्नड माणसांस्नी साड्या इकल्या मी. सत्त म्हंजे काय, कळत न्हाय व्हय मला?”

मग इतकी वर्षं आईला सगळं मराठीत का सांगायला लावता, असं मी विचारलं. तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, म्हणाले.

“तिला काय बोलू नकोस,” ते पुढं म्हणाले. “लई भ्यालीया ती.”

मला दोघांचीही माया दाटून आली. आप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, “अगं, त्यो म्हातारा घरी येऊन जेवला का न्हाय?”

आत फोडणी चरचरली.

“जेवला की,” आई भरल्या आवाजात म्हणाली. “चांगला दीड भाकरी जेवला.”