सोमीबाईची गाणी आणि हेमंतची डिस्क

"अगं, सोमीबाईची सगळी गाणी हेमंतच्या कम्प्युटरमध्ये..." सरावलीच्या रिक्षात पुढे बसलेली बाई एवढंच बोलली आणि तिचा थांबा आला. उरलेलं वाक्य तिच्याबरोबर उतरलं.

हेमंत माझा शेजारी. लग्नाचं शूटिंग करतो, कम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि माझे कान चांगले आहेत. किस्से साठत जातात, पुसायची सोय नाही.

*

त्याची डिस्क कायम काठोकाठ भरलेली. कम्प्युटर चालू करून तो चहा पिऊन यायचा, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं.

एकदा चिखले गावचं जोडपं लग्नाची फिल्म न्यायला आलं. कडेवर पोर.

"जरा बसा, कॉपी होतेय," हेमंत म्हणाला.

"बसतो की," नवरा म्हणाला. "आता याच्या बारशाचं पण एकदमच द्या."

*

"डिस्क बिघडली तर रे?" मी विचारलं.

"काकी, प्रत्येक लग्नाच्या दोन कॉप्या ठेवतो."

नंतर कळलं, दोन्ही त्याच डिस्कमध्ये.

"म्हणजे दुसरी चावी घरात ठेवून कुलूप लावलंस," मी म्हटलं. तो हसला. मीही हसले.

*

माझा मोबाइल भरला तेव्हा मी सुप्रभातचे फोटो पुसले, आणि मोबाइल सुरळीत चालायला लागला. झालं, मला शहाणपण आलं.

"फिल्म तयार झाली की कच्चं शूटिंग कशाला जपतोस? पोटमाळा झाडतात तसं झाडून टाक," मी हेमंतला म्हटलं.

त्याने एका दुपारी सगळं पुसलं. कम्प्युटर पळायला लागला. मला पेढा आणून दिला. मी खाल्ला.

*

सोमीबाई उधवा गावची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. लग्न लागताना गाणी म्हणायची. ती गाणी कुठे लिहिलेली नाहीत, तिच्या तोंडातच होती. गेल्या पावसाळ्यात ती गेली.

तिची मुलगी मंजुळा दुकानात आली. "दादा, आईचं काढून द्या. भाचीचं लग्न आहे, आता मलाच म्हणायचंय. अर्धी येतात, अर्धी नाही येत."

हेमंतने फिल्म लावली. सोमीबाई दिसली, ओठ हलत होते. आवाज मात्र सिनेमातल्या गाण्याचा. दुसरी लावली, तेच. गिऱ्हाइकांना आवडतं म्हणून तो सगळ्या फिल्मवर सिनेमाची गाणी टाकायचा. सोमीबाईचा आवाज होता तो कच्च्या शूटिंगमध्ये.

मी दारातच उभी होते. हेमंतने माझं नाव घेतलं नाही.

*

चार दिवसांनी त्याला खणात एक पेनड्राइव्ह सापडला. कधीतरी जागा करायला एका लग्नाचा तुकडा त्यात हलवला होता, तो पुसायचा राहिलेला. मंजुळाला बोलावलं. मी न बोलावताच गेले.

मांडव दिसला, सोमीबाई दिसली. आणि सगळ्यांच्या वरून आवाज माझा. हेमंतच्या गाडीत जागा होती म्हणून मी त्या लग्नाला गेले होते, आणि कॅमेऱ्याला खेटून उभी होते. नवरीच्या मावशीला विचारत होते, मुलगा काय करतो, सासू कशी आहे, घरात नळ आहे का. पंधरा मिनिटं.

मंजुळाने तो तुकडा परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा तिने वही काढली.

"मंजुळा, चुकलं गं माझं."

"गप बसा काकी, ऐकू द्या," ती म्हणाली. "तुम्ही श्वास घेता ना, तेवढ्यात आई ऐकू येते."