अंड्यांवरचं पांघरूण

विकायला परदेशातून मागवलेल्या मँगोस्टीनच्या देठाशी मिलीबग किडीचा पांढरा कापूस दिसला, म्हणून फळ घेऊन मी नाशकातल्या प्रयोगशाळेत गेलो. कीड परकी निघाली, तर द्राक्षबागांच्या धास्तीनं माझा सगळा माल जाळला जाणार होता. तिथल्या बाईंनी श्वास रोखून बारीक ब्रशनं एक मादी उचलली.

"हा कापूस नाही हो. आईनं अंड्यांवर घातलेलं पांघरूण आहे," त्या म्हणाल्या. "पण कीड कुठली ते आईवरूनच कळतं, पिल्लांवरून नाही."

पांघरूण अलगद बाजूला ठेवून त्यांनी आईला गरम द्रावणात सोडलं. आतलं सगळं विरघळून काचेसारखी कातडी उरली. सूक्ष्मदर्शकाखाली ती त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"परकीच आहे."

मालाचं विचारायला मी तोंड उघडलं, तर बाई बाजूला ठेवलेली अंडी पांघरुणासकट त्याच द्रावणात सोडत होत्या.