पवनीला गेलेला शिळा बुके

पप्पू डेकोरेशनवाल्याने लग्नात देऊन झालेला बुके उचलला आणि एका ऑनलाइन कंपनीने तो ताजा म्हणून विकला. तो विकत घेणारा पुण्यातला मुलगा फसला. बुके ज्यांच्या हातात पडला त्या पवनीच्या मेश्राम मॅडम फसल्या. आणि बुकेच्या दांड्यावर स्टिकर माझ्या दुकानाचं होतं, म्हणून शिव्या मला बसल्या. पुढे लिहिते आहे त्यात मी कोणालाही सांभाळून घेणार नाही.

फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या माझ्या दुकानात गुलाबाचे काटे काढत बसले होते. पलीकडचा माणूस सुरुवातच ओरडून करत होता.

"तुम्हीच का त्या फुलवाल्या? लाज नाही वाटत?"

"कोण बोलून राहिलं?"

"अनिकेत मेश्राम. पुण्याहून. आज माझ्या आईचा पवनीला निरोप समारंभ होता. तीस वर्षांवर नोकरी केली तिनं शाळेत. तुमच्या दुकानातून सडका बुके गेला."

"माझ्या दुकानातून आज पवनीला एक पाकळी गेली नाही."

"स्टिकर तुमचंच आहे. नंबरही त्यावरूनच घेतला. फोटो पाठवू?"

"पाठवा. आणि तोवर आवाज खाली."

फोटो आला. मी तो मोठा करून पाहिला आणि माझं डोकं सणकलं. कारण बुके खरोखर माझाच होता.

फुलांच्या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगते. गुलाब शिळा झाला की आधी त्याची बाहेरची पाकळी काळपट पडते. लबाड माणूस ती पाकळी ओढून टाकतो. आतलं फूल लहान दिसतं, पण तासभर ताजं वाटतं. जरबेराची मान लवते, म्हणून तिला तार गुंडाळतात. मग वरून पाण्याचा फवारा मारला की फोटोत सगळं टवटवीत. फोटोतल्या गुलाबांची बाहेरची पाकळी गायब होती. जरबेराला तार होती. मी तार लावत नाही, कारण मला गरज पडत नाही. माझा माल रोज पहाटेच्या गाडीने नागपूरहून येतो आणि आल्या आल्या देठ तिरपे कापून पाण्यात उभा राहतो.

पण मध्ये दोन जांभळी ऑर्किड होती. त्या आठवड्यात ऑर्किड मी एकाच बुकेत लावली होती. जवाहरनगरच्या क्वार्टरमधले एक गृहस्थ भाचीच्या लग्नासाठी करून घेऊन गेले होते. ऑर्किडच्या भावावरून त्यांनी माझ्याशी पुष्कळ घासाघीस केली आणि मी काही सोडलं नाही, म्हणून तो बुके पक्का लक्षात होता.

"हा बुके मी बनवला," मी अनिकेतला म्हटलं. "पण तुमच्यासाठी नाही. तुम्ही कोणाकडून घेतला?"

त्याने एका वेबसाइटचं नाव सांगितलं. तिथे 'आजची ताजी फुलं' असं लिहिलेलं होतं म्हणे. मग समारंभात काय झालं तेही त्यानेच सांगितलं. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मावसबहिणीने व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता, म्हणून त्याने सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. समारंभात कोणाकडून काही आलं की सूत्रसंचालन करणारे गुरुजी ते माइकवर जाहीर करतात. बुके आला. गुरुजी म्हणाले, मॅडमच्या चिरंजिवांनी पुण्याहून खास पुष्पगुच्छ पाठवला आहे. टाळ्या झाल्या. गुरुजींनी पानांत खोचलेलं कार्ड काढलं आणि आधी मनात न वाचताच माइकवर वाचायला घेतलं.

"नवदांपत्यास वैवाहिक जीवनाच्या हार्दिक शुभेच्छा. मामा-मामी, जवाहरनगर."

 मग मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा, मॅडमनं पत्ताच नाही लागू दिला!" आणि सगळे हसले. मेश्राम मॅडमचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली आहेत. त्या बुके हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि जरबेराचं एक फूल मान मोडून त्यांच्या साडीवर पडलं.

"कालपर्यंत रोज विचारायची, मी येतो का म्हणून," अनिकेत म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "आता माझा फोनच उचलत नाही."

"उद्या उचलतील," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुकानाचं शटर ओढून मी सरळ त्या भाचीच्या लग्नाच्या हॉलवर गेले. लग्नात बुकेचं काय होतं ते कधी नीट पाहिलं आहे का? पाहुणा स्टेजवर चढतो, बुके देतो, फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणतो, आणि बुके सोफ्याच्या मागे जातो. तिथे ढीग लागतो. निघताना घरचे लोक पाकिटं मोजून नेतात, भांडी नेतात, उरलेली बुंदीसुद्धा नेतात. बुके कोणी नेत नाही. सकाळी डेकोरेशनची माणसं ढीग उचलतात. मी समजत होते, तो ढीग बकऱ्यांच्या पुढे जातो.

त्या हॉलचं डेकोरेशन पप्पूकडे असतं; तो हॉलच्या मागे पडद्यांच्या घड्या करत होता. हा पप्पू मला काकू म्हणतो. धंद्याच्या सुरुवातीला झेंडूच्या माळा माझ्याकडूनच उधारीवर न्यायचा.

"पप्पू, जांभळ्या ऑर्किडचा बुके कुठी गेला?"

"कोणता बुके, काकू?"

"जो तू पवनीले पाठवला तो."

त्याने पडदा खाली ठेवला. "काकू, आधी बसा तं खरं. चहा सांगतो."

"चहा तुह्या कंपनीले पाज. मले सांग, माह्या नावाचं स्टिकर काहून ठेवलं त्याच्यावर?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते ऐकून मला त्याला पडद्यात गुंडाळावंसं वाटलं. कंपनीचा नियम आहे, माल निघण्याआधी फोटो पाठवायचा आणि फोटोत दुकानाचं नाव दिसलं पाहिजे. पप्पूला दुकानच नाही. म्हणून त्याने बाहेरचा कागद बदलला, रिबन बदलली, पण दांड्यावरचं माझं स्टिकर तसंच ठेवलं.

"तुमच्या स्टिकरनं माल असली वाटते, काकू," तो म्हणाला. हे त्याने माझी स्तुती म्हणून सांगितलं!

"आणि कार्ड?"

"कार्ड दिसलंच नाही न. पानात लय आत होतं."

"आतापर्यंत असे किती पाठवले?"

त्याने खाली ठेवलेला पडदा पुन्हा उचलला. मग म्हणाला, "ते लोकं जो भाव देऊन राहिले न काकू, त्यात नवीन फुलं येतच नाहीत. तुमीच सांगा, येतात का?"

खोटं बोलत नव्हता. इथे मला मागची गोष्ट सांगावी लागेल. ही ऑनलाइन मंडळी फुलं विकतात, पण त्यांच्याकडे फूल नसतं आणि दुकानही नसतं. एकच फोटो ते भंडाऱ्याला दाखवतात, तुमसरला दाखवतात आणि मुंबईलाही दाखवतात. ऑर्डर आली की गावातल्या कोणाला तरी फोन करून द्यायला लावतात. मधला मोठा वाटा त्यांचा. मागच्या वर्षी त्यांचा एक माणूस इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दुकानात आला होता. त्याने भाव सांगितला. मी हसले. मी माझा भाव सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, छोटं मार्केट आहे, अ‍ॅडजस्ट करा." मी त्याला नागपूरच्या बाजारातला भाव, गाडीभाडं, उन्हात मरणारी फुलं, सगळं तोंडपाठ सांगितलं. शेवटी म्हटलं, "या भावात ताजी फुलं तुम्हाला कोणी देणार नाही. कोणी दिली, तर ती त्याने कुठून आणली ते विचारा." तो बॅग उचलत म्हणाला, "मिळतं हो कोणीतरी."

मिळाला. पप्पू मिळाला.

मी हॉलमधूनच कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक पोरगी आली. मी सगळं सांगितलं. ती हिंदीत म्हणाली की ग्राहकाला रिफंड दिला आहे, वर पुढच्या ऑर्डरसाठी कूपनही दिलं आहे, केस बंद झाली.

"केस कोणी बंद केली?"

"सिस्टम में क्लोज दिखा रहा है, मॅम."

"भंडाऱ्याचं काम या पप्पूले कोणी दिलं? त्या माणसाचं नाव सांगा."

"मॅम, वो हमारी पार्टनर टीम देखती है. नाम शेअर नहीं कर सकते."

"माझं नाव तर तुम्हाला फोटोत चाललं!"

फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. पप्पूच्या फोनवरून लावला तर लागला, आणि माझा आवाज ऐकून पुन्हा कटला.

मग मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलंच नाही. चांगला बुके बांधला, पप्पूला त्याच्याच छोट्या गाडीत बसवलं आणि पवनीची वाट धरली. तो वाटेत दोनदा म्हणाला, "काकू, फोनवरच सांगून देतो न मी." मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मेश्राम मॅडम अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी ओळख दिली. त्यांनी माझ्या हातातल्या बुकेकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आता काय राहिलं आणायचं?"

"मॅडम, कालचा बुके माझ्या दुकानाचा नव्हता. म्हणजे बनवला मी, पण..."

"ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मले एकच सांगा. माह्या पोरानं स्वस्तातला म्हणून जुना घेतला का? खरं सांगा. मले राग नाही येणार."

त्या बाई रात्रभर हाच विचार करत बसल्या होत्या. फुलांचा नाही, लोक हसले त्याचा नाही. आपल्या पोराला आपण जड झालो का, याचा.

मी पप्पूला पुढे ढकललं. "बोल."

पप्पू खाली बघून बोलला. लग्नातून उचललेला बुके, ओढलेल्या पाकळ्या, फवारा, फोटो. सगळं बोलला. "तुमच्या पोरानं पुरे पैसे देल्ले, मॅडम. ताज्याचे देल्ले. चोरी माही हाये."

मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणत्या शाळेत होता तू?"

पप्पूने शाळेचं नाव सांगितलं.

"बरं झालं. माह्या हाताखाली नव्हता."

मग त्यांनी घरातून फोन आणला आणि पोराला लावला. त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण त्या माझ्याकडे पाठ फिरवून बोलत होत्या. फोन ठेवून आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मी बुके पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"तुमचा राग नाही, बाई. पण परत न्या. आता फुलं पाहिली का ते हसणंच ऐकू येते."

मी परत आणला. एकासाठी नेलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही. विकायला मी पप्पू नाही.

आता निकाल सांगते. अनिकेतने रागाच्या भरात स्टिकरचा फोटो दोन-चार ग्रुपवर टाकला होता. तो फोटो तुमसरपर्यंत गेला. नंतर त्याने खरं काय ते लिहून टाकलं. ते कुठेच गेलं नाही. एका शाळेचं स्नेहसंमेलनाचं काम मला मिळणार होतं, ते दुसरीकडे गेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे, पण समितीत चर्चा झाली." पप्पूने माझे पाय धरले आणि पुन्हा करणार नाही म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. हॉलवाल्याला सांगून मी सोफ्यामागच्या ढिगाच्या रिबनी सकाळी माझ्या माणसाकडून कापून बुके सुटे करून घेते.

तुम्ही लग्नात बुके देत असाल तर एवढं करा. घरच्यांना सांगा, निघताना बुके मोडून टाका. फुलं सुटी केली की ती कोणाच्या कामाची राहत नाहीत. आणि ऑनलाइन मागवायचाच असेल तर आधी विचारा, बांधणार कोण, दुकान कुठे आहे. उत्तर आलं नाही तर समजा, दुकान नाही.

पप्पू लहान चोर आहे. त्याने कबूल तरी केलं, तेही त्या बाईंच्या अंगणात, त्यांच्यासमोर. पण मी त्या कंपनीला वर्षभर आधी तोंडावर सांगितलं होतं की या भावात ताजी फुलं येत नाहीत. त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी 'ताजी' लिहिलं. त्यांची साइट आजही चालू आहे, आणि पवनीचं नाव आजही तिच्या गावांच्या यादीत आहे.

मला रिफंड नको, मी काही घेतलंच नव्हतं. कूपन तर नकोच. इस्त्रीचा शर्ट घालून जो आला होता आणि ज्याने 'मिळतं हो कोणीतरी' म्हटलं होतं, त्याचं नाव मला हवं आहे. त्याला पप्पू शोधायला ज्याने सांगितलं त्या साहेबाचंही हवं आहे. दोघांनी पवनीला जावं आणि मेश्राम मॅडमना स्वतःच्या तोंडाने सांगावं की तुमच्या पोराने ताज्या फुलांचे पैसे दिले होते, आणि शिळी आम्ही पाठवली. कधी जाता, ते कळवा.