ज्यात कुणीच नाही असं नाव

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती – तिला माहीत आहे. पोरीला सांगायची हिंमत झाली नाही. आणि जिला सांगायला पाहिजे होतं ती मागच्या महिन्यात गेली. उरलात तुम्ही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

भोकरदनला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, सरपंच झालेला, बारावीत पहिली आलेली, मेलेला – सगळे माझ्याच मशीनमधून बाहेर पडतात. दुसऱ्यांची नावं मोठी करून छापायची, हा माझा धंदा. माझ्या स्वतःच्या मुलीचं नाव इंग्रिड आहे.

हसू आलं ना? येऊ द्या. गावालाही आलं होतं. नॉर्वे-स्वीडनकडचं नाव आहे ते. आमचं तिकडं कुणी नाही. आमच्यातला सगळ्यात लांब गेलेला माणूस पुण्यात कंपनीत आहे. मग हे नाव कुठून आलं? सतरा वर्षं लोक विचारतात, आणि सतरा वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे. ते उत्तर सांगतो. पण आधी अक्काचं सांगावं लागेल.

अक्का माझी बहीण. मला कळायच्या आत आई गेली. अक्का तेव्हा चौथीत होती – तिथंच तिची शाळा सुटली. मला कडेवर घेऊन तिनं भाकरी थापल्या, मला शाळेत घातलं, मार दिला, औषध दिलं. लग्न होऊन जाफराबादकडं गेली तरी दर आठवड्याला जीप पकडून यायची. लोक आजही म्हणतात, बहीण असावी तर अशी. बरोबर आहे त्यांचं. फक्त ते ऐकत ऐकत वाढायचं काय असतं, हे त्यांना माहीत नाही.

कारण अक्का केलेलं विसरू द्यायची नाही. माझ्या लग्नात, मुलीकडच्या पंगतीत, वाढता वाढता म्हणाली, "ह्याला पाचवीपर्यंत नाक पुसता येत नव्हतं. आता नवरदेव झाला." सगळे हसले. मीही हसलो – काय करणार? दुकान टाकलं तर नारळ तिनं फोडला, आणि दुकानाला आईचं नाव द्यायचं हेही तिनंच ठरवलं. बायको तिनंच पसंत केली, आणि पुढं तिच्यातच खोडी काढत बसली. "शिकलेली आहे, पण हाताला चव न्हाई." माझ्या आयुष्यात अशी एक वस्तू नव्हती जिच्यावर तिचा हात फिरला नव्हता. उपकार करणाऱ्याचा राग येतो का हो माणसाला? मला यायचा. दात आवळून झोपायचो असा.

मग मुलगी झाली. आता आमच्यात नाव आत्याच ठेवते. पाळण्यात वाकून कानात सांगते, कुर्रर्र करते, बाकीच्या बाया तिच्या पाठीत बुक्के मारतात. म्हणजे हीही गोष्ट तिचीच. अक्का आईचं नाव देणार, असं मी धरूनच चाललो. आईचा चेहरा मला आठवत नाही. आई म्हटलं की मला अक्काच दिसते. म्हणजे पोरीला हाक मारायची ती पण अक्कालाच?

दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, काहीतरी येगळं नाव सांगा हो, म्हणून कॉम्प्युटरवर मी नावांची पानं उघडून ठेवायचो. त्या दिवशी संस्कृत ओलांडली, बंगाली ओलांडली, आणि त्या बर्फाच्या देशांपाशी येऊन थांबलो. तिथली मुलींची नावं एकेक वाचत गेलो. अर्थ बघितला नाही. मला चांगलं नाव नको होतं. ज्यात आमच्यातलं कुणीच नाही – आई नाही, आजी नाही, अक्का तर नाहीच – असं नाव पाहिजे होतं. इंग्रिडपाशी आलो तेव्हा थंड वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं.

फ्लेक्स छापला. तो फरशीवर वाळत पडला होता, रंगाचा वास येत होता, आणि तशात मी अक्काला फोन लावला. म्हणालो, नाव तूच ठेवायचं, तुझा मान आहे. एवढी खुश झाली ती. म्हणाली, "ठरवून ठेवलंय मी. पण तुला आत्ता सांगणार न्हाई बापू. आधी पोरीच्या कानात." मी म्हणालो, बरं. आणि फ्लेक्सची घडी घातली.

हे चुकून झालं नाही, एवढं लक्षात ठेवा.

बारशाला अंगणभर बाया. पाळण्यामागच्या भिंतीवर फ्लेक्स लावलेला, वर चादर टाकलेली. बायकोला वाटलं नुसत्या शुभेच्छा असतील – नाव तिलाही माहीत नव्हतं. अक्का नवं लुगडं नेसून आल्ती. झबलं, टोपडं, चांदीचे वाळे, सगळं घेऊन. ती पाळण्याकडं निघाली आणि मी चादर ओढली. फुलांच्या चौकटीत, हातभर अक्षरांत – इंग्रिड.

अक्कानं चौथीच्या मुलीसारखं एकेक अक्षर लावून वाचलं. मग माझ्याकडं वळली. "बापू, हे कुणी ठरवलं?"

आता हीच ती जागा. मी मनात इतक्या दिवसांपासून भांडत होतो – मी ठरवलं, माझी पोरगी आहे, तू कोण? सगळं पाठ होतं. तिच्या तोंडाकडं बघितलं. मी बायकोकडं बोट केलं.

"तिची हौस, अक्का. मी काय बोलणार?"

हेच ते माझं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी जन्मलं, आजपर्यंत चालतंय.

बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं. मग पोरीचं टोपडं नीट करत बसली.

अक्का पाळण्यात वाकली. मला वाटलं, तिथंच टाकून निघून जाईल. नाही गेली. ते नाव तिनं कानात सांगितलं, मग मोठ्यानं म्हटलं, एकही अक्षर न चुकता. कुर्रर्र केलं. पाठीत बुक्के मारायला कुणाचा हात उठेना. तीच वाकल्या वाकल्या म्हणाली, "मारा की गं. थांबल्या कशाला?" आणलेलं सगळं देऊन गेली. नाव तेवढं परत घेऊन गेली. कोणतं होतं, ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. आईचंच होतं का? मी विचारलं नाही.

बायकोनं मात्र एकदा विचारलं. "माझ्यावर का?" दोनच शब्द. मी म्हणालो, "तुझं-तिचं तसंही पटत नव्हतं." पुन्हा तिनं विषय काढला नाही.

पुढं अक्कानं तिला कधी कुंकू लावलं नाही. भाच्याच्या, म्हणजे तिच्या पोराच्या लग्नात सगळ्या चुलत मामींना साड्या नेसवल्या, हिला वगळून. चार बायांत म्हणायची, "आमची माय दोनदा मेली. एकदा तापानं, एकदा भावजयीनं." मी तिथंच उभा असायचो. पोरगी मोठी झाली, शाळेत पोरं चिडवायला लागली, तुम्ही धर्म बदलला का म्हणून. ती येऊन आईला बोलायची. परवा परवा बारावीचा फॉर्म भरताना म्हणाली, "मम्मी, हौस होती तर स्वतःचं नाव बदलायचं. माझ्यावर कशाला?" बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मोबाईल बघत होतो. मोबाईलमध्ये काहीही नव्हतं.

मागच्या महिन्यात अक्का गेली. मला रडू आलं नाही. हलकं वाटलं – हेही लिहून टाकतो. भाचा दुकानात आला, श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे म्हणून. फोटो लावला, खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं टाईप केली. माझं, शेजारी बायकोचं, मग इंग्रिडचं. भाचा स्क्रीनकडं बघून घुटमळला.

"मामा, मामीचं नका टाकू. आईनं सांगून ठेवलंय. पोरीचं राहू द्या, पोरीचं काय त्यात."

दुकानात आम्ही दोघंच. अक्का नाही. आता कुणाला भ्यायचं होतं मी? एक वाक्य – नाव मी ठेवलं होतं. बस्स.

मी बायकोचं नाव खोडलं. इंग्रिडचं सरकवून माझ्याजवळ आणलं, म्हणजे रिकामं दिसू नये.

तयार फ्लेक्स गुंडाळायला बायकोच दुकानात येते. त्या दिवशीही आली. मशीनमधून अक्काचा चेहरा हळूहळू खाली उतरला, मग नावं. ती उभ्या उभ्या सगळी वाचून संपेपर्यंत थांबली.

"माझं राह्यलं का?"

"जागा कमी पडली," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली. चेहऱ्याला चरा पडू नये म्हणून छपाई आत ठेवून तिनं फ्लेक्स सावकाश गुंडाळला, दोरी बांधली, आणि भाच्याच्या हातात दिला.

जागा होती. खाली अजून चार नावं बसली असती, एवढी जागा होती.