खाकी कागदाचं स्वयंपाकघर

टेपकाकूंना गळ्यात टेप नसताना कुणी पाहिलं असेल, तर त्याने खुशाल पुढं यावं. आंघोळ झाली की केस पुसायच्या आधी टेप गळ्यात, झोपताना उशाशी. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. काका म्हणायचे, "माझ्यापेक्षा टेपशीच हिचं जास्त जमतं. टेप उलट बोलत नाही ना!"

काकू शिवणकाम शिकल्या त्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या दुकानात. पहिली काही वर्षं काजं-बटणांत गेली. मग एके दिवशी मास्तरांनी कात्री हातात दिली आणि सांगितलं, "कापड जास्त राहिलं तर दाबता येतं, कमी पडलं तर रडत बसावं लागतं. शिवणीत जायला दोन्हीकडून बोटभर जास्त धरायचंच." काकूंनी ही शिकवण अशी काही अंगात भिनवली की ती कापडापुरती राहिलीच नाही. त्या चार माणसांचा स्वयंपाक पाच माणसांचा करायच्या, बसच्या वेळेआधी थांब्यावर जाऊन ताटकळायच्या, आणि भांडणातसुद्धा एक वाक्य मागे ठेवायच्या, पुढं लागलं तर असावं म्हणून. ते वाक्य कधी बाहेर येईल या धास्तीनेच काका लवकर माघार घेत.

काका टपाल कचेरीत पत्रं लावायचे. समोर भिंतभर लाकडी खण, हातात पत्रांचा गठ्ठा. तोंडाने शेजाऱ्याशी गप्पा चाललेल्या आणि हात आपला बरोबर त्या त्या खणात पत्र टाकतोय. निवृत्त झाल्यावरही तो हात रिकामा बसायला तयार नव्हता. पण घरकामात काका म्हणजे आनंदीआनंद. झाडू धरला तर कचरा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलायचा, एवढंच. त्यांना एकच गोष्ट जमायची, सकाळचा चहा. लग्न झाल्यापासून तो त्यांचा होता. काकू अंथरुणात डोळे मिटून पडून राहायच्या आणि आतले आवाज ऐकायच्या: झाकणाचा, पाण्याचा, चमच्याचा. दिवसभरात दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यासाठी केलेलं तेवढंच असायचं. त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्या चहावर त्यांचा फार जीव होता.

मग काकांचे डोळे अधू होऊ लागले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाणार. वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा. जुनं स्वयंपाकघर आधीच अंधारं. दारात उंबरा, आत एक पायरी खाली, फडताळ ओल लागून फुगलेलं, आणि साखर आज इथं तर उद्या तिथं. एका सकाळी काकांनी उकळतं पाणी स्वतःच्या पायावर ओतून घेतलं. मलम लावताना काकू म्हणाल्या, "उद्यापासून चहा मी करीन." काका लंगडत उठले. दिवसभर खिडकीशी बसून राहिले आणि संध्याकाळी हळूच म्हणाले, "मग माझं या घरात काम काय गं?"

काकूंकडे मागे ठेवलेलं एखादं वाक्य नेहमी असायचं. त्या दिवशी नव्हतं.

म्हणून नवं स्वयंपाकघर. डोळे पुरते जायच्या आत ते उभं राहायला हवं, म्हणजे दिसतंय तोवर काकांच्या हाताला त्याची सवय होईल. मागची खोली अडगळीची होती. पण तिला खिडकी होती आणि उंबरा नव्हता. शेजारणीने सल्ला दिला, "अंथरूण पाहून पाय पसरावेत हो." काकू म्हणाल्या, "अंथरूण मीच शिवलंय. किती ताणतं ते मला विचारा."

मोठ्या दुकानातला काचेसारखा चकचकीत ओटा त्यांनी पाहिला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि परत आल्या. मग ज्या पद्धतीने आयुष्यभर सगळं केलं, त्याच पद्धतीने त्यांनी स्वयंपाकघर बेतायला घेतलं. खाकी कागद आणला. खोलीच्या मापाचा ओटा कापला, सिंक कापलं, शेगडी कापली, भिंतीवरचे खण एकेक करून कापले, आणि सगळं टाचण्यांनी भिंतीवर टाचलं. जमिनीवर खडूने रेघा मारल्या. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ती अख्खी खोली पिकल्या फळाच्या रंगाची व्हायची. वारा आला की ओटा सळसळायचा, शेगडी हलकेच भिंतीपासून सुटून पुन्हा चिकटायची. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाईचं डोकं फिरलंय. काकूंना मात्र त्या खोलीत शिरलं की पाण्यात उतरल्यासारखं वाटे. शिवणयंत्रावर एखादी लांबलचक शिवण मारताना त्या मनाने तिथंच असायच्या. नळ सोडायच्या, भांडी घासून पालथी घालायच्या, खिडकीत एक कुंडीसुद्धा ठेवायच्या.

"अहो, या जरा," त्यांनी काकांना हाक मारली. "चहा करून दाखवा."

"कागदावर?"

"मग काय सोन्याच्या ओट्यावर करणार होता?"

काकांनी खोलीत पाऊल टाकलं. हात पुढं केला. बोटं कागदाला लागली, कागद सळसळला. डावीकडून पहिला खण चहाचा, दुसरा साखरेचा, तिसरा मिठाचा, चौथा कपांचा. काकांनी हवेतलं पातेलं हवेतल्या शेगडीवर ठेवलं, हवेतली पूड टाकली आणि दोन कप भरून एक काकूंपुढं धरला. काकूंनी फुंकर मारून घोट घेतला.

"साखर जास्त झालीय."

"तुझ्या जिभेला औषध नाही," काका म्हणाले आणि इतके हसले की टाचण्या निघून ओट्याचं एक टोक खाली आलं.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. आधी सकाळी, मग दुपारीही. काकू यंत्रावर बसल्या की आतून कागदाची सळसळ ऐकू यायची, एका लयीत, आणि मधूनच शीळ. कधी कधी काकू शिवण थांबवून दारात उभ्या राहायच्या. उन्हात ते पाठमोरे उभे असायचे, हात त्या नसलेल्या कपाटांतून फिरत असायचा, जसा पत्रांच्या खणांतून फिरायचा तसा. काकूंना वाटायचं, असंच राहावं. हे स्वयंपाकघर बांधूच नये. यात काही जळत नाही, कुणाला भाजत नाही.

पण कागदावर पोट भरत नाही. दगडवाल्याकडून ओट्यासाठी दोन उरलेले तुकडे मिळाले, एक करडा, एक काळपट. जोड स्पष्ट दिसत होता आणि काकूंना तो आवडला. "जोड लपवायचा कशाला? चांगला घातलेला असला म्हणजे झालं." सिंक कुणाच्या तरी मोडलेल्या घरातलं निघालं. खणांसाठी लाकूड म्हणून काकूंच्या जुन्या कपाटाचे दरवाजे काढले. सुतार होता ओळखीचा, कामाला बरा आणि बोलायला फारच बरा. कुठलीही अडचण सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल." कधी, ते तो सांगत नसे.

खणांची मापं काकूंनी त्याला तोंडी सांगितली आणि त्याने ती पेन्सिलीने दरवाज्यांवरच लिहून घेतली. कागद काढायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "राहू देत की अजून थोडे दिवस."

"अहो, खरं लागतंय आता! कागदांचं लोणचं घालायचंय का?"

काकांनी कागदावरून एकदा हात फिरवला. काकूंनी टाचण्या काढल्या, कागदांची सुरळी करून गादीखाली ठेवली.

सुतार खण घेऊन आला आणि भिंतीला लावून बघतो तर काय, ओळ खिडकीच्या चौकटीला जाऊन भिडली.

"काकू, तुम्ही सांगितलंत तेच कापलंय हां मी. शब्दाला शब्द."

काकूंनी गळ्यातली टेप काढली. पहिला खण मोजला, दुसरा मोजला, आणि मटकन खाली बसल्या. प्रत्येक मापात दोन्हीकडून बोटभर जास्त होतं. शिवणीसाठी! आयुष्यभर तोंडातून माप असंच बाहेर पडलेलं. सांगताना त्यांना कळलंही नव्हतं.

सुतार जमिनीवर लोळायचाच बाकी होता. "काकू, लाकूड आत दुमडत नाही हो!"

"दात काढू नकोस. पुन्हा कापता येईल का?"

"येईल. पण सगळं उकलायचं म्हणजे ही जुनी फळी तडकणार, आणि दुसरी कुठून आणायची? राहू द्या. मोकळे झालेत खण, छान दिसताहेत. होऊन जाईल."

दुसरी फळी आणायची ऐपत नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं. काकूंनी विचार केला: चहाचा डबा दोन बोटं सरकला, साखर त्याहून थोडी जास्त, कप मात्र चांगले अर्धी वीत उजवीकडे गेले. एवढंच ना? काकांना अजून दिसतंय की. चार दिवसांत सवय होईल. त्यांनी "राहू दे" म्हटलं, आणि शेवटी स्वतःही हसल्या. काकाही हसले, पण जरा उशिरा.

ओटा बसला, नळाला पाणी आलं. खोलीला सिमेंटचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. पहिला चहा दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी करायचा, असं ठरलं. काकूंना रात्रभर नीट झोप लागली नाही. लहान मुलीसारखं काहीतरी आत उड्या मारत होतं.

पहाटे काका उठले तेव्हा बाहेर अंधारच होता. काकू डोळे मिटून पडून राहिल्या. आत दिव्याचं बटण वाजलं, दाराखालून उजेडाची रेघ आली. पातेल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. काकूंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग आवाज थांबले. बराच वेळ काहीच नाही.

त्या उठल्या, अनवाणीच दारापर्यंत गेल्या. दिवा लख्ख लागलेला होता. काका खणांसमोर उभे होते आणि त्यांचा हात तिसऱ्या खणात होता, मिठाच्या बरणीवर. बरणी सोडून हात लाकडावर आला, पुन्हा बरणीवर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. कप शेजारच्याच खणात होते, पांढरे, दिव्याखाली चमकणारे. काका सरळ कपांकडेच बघत होते.

काकूंनी एक पाऊल आत टाकलं.

पायाची चाहूल लागून काका वळले आणि हसले. "उठलीस? काय आहे, इथं उजेड जरा कमी पडतोय. तू दुसरा दिवा लावणार होतीस ना?"

दुसरा दिवा नव्हताच. काकू भिंतीशी गेल्या. आपण हे का करतोय हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं, पण हात पुढं झाला आणि त्यांनी बटण दाबलं. दिवा विझला. शेगडीची ज्योत सोडली तर खोली काळीठिक्कर झाली.

"हां!" काका म्हणाले. "आता बघ कसं स्वच्छ दिसतंय."

काकूंनी तोंडावर हात दाबून धरला. हुंदका तरीही निसटलाच. काकांच्या कानांना तो कळायला वेळ लागला नाही. अंधारात त्यांचा हात पुन्हा मिठाच्या बरणीवर गेला. शेगडीवर पाणी उकळत होतं, तिच्या निळ्या ज्योतीत त्यांचे नुसते हात दिसत होते.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"तू कागद लावलेस ना, तोवर थोडं होतं. खाकी रंग दिसायचा. मग एक दिवस तोही दिसेना." ते थांबले. "म्हणून तर इतक्यांदा जायचो तिथं. कागद आवाज करायचा. कुठं काय आहे ते सांगायचा. मला वाटलं, घर पाठ झालंय, तुला कळायचंच नाही."

"मला सांगायचं नाहीत?"

"तू इतक्या हौसेनं सगळं करत होतीस. मला दिसावं म्हणून करत होतीस. मग कसं सांगू, उशीर झाला म्हणून?"

काकूंना राग आला, काकांवर, डॉक्टरवर, सुतारावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेवर, जिने कप अर्धी वीत लांब नेऊन ठेवले. आणि त्याच क्षणी त्यांना हेही कळत होतं की कप जागच्या जागी असते, तर हा माणूस रोज सकाळी असा एकटा अंधारात उभा राहिला असता आणि त्या अंथरुणात सुखाने पडून राहिल्या असत्या.

त्या पुढं झाल्या. काकांचा हात धरला, मिठाच्या बरणीवरून उचलला आणि उजवीकडे नेला. "इथं आलेत ते. माझ्यामुळे."

काकांनी कप चाचपला. दुसरा चाचपला. मग हात मागं नेऊन पुन्हा स्वतःहून तिथवर आणला, एकदा, दोनदा, तीनदा. "हं," ते म्हणाले. "सापडलं. आता तू बाजूला हो. चहा मी करतोय."

काकू बाजूला झाल्या. त्यांनी दिवा लावला नाही. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि नुसतं ऐकत राहिल्या. पूड पडली, चमचा वाजला, थोडा चहा ओट्यावर सांडला, काकांनी फडका शोधला. मग काका हळूहळू खाली बसले आणि त्यांनी काकूंच्या हातात कप दिला. दोघं जमिनीवर शेजारी शेजारी बसले. साखर खरंच जास्त झाली होती. काकूंनी ते सांगितलं नाही.

चहा निम्मा झाल्यावर काकांनी तोंड खिडकीच्या दिशेला वळवलं.

"उजाडलं का गं?" त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत त्यांनी असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. काकूंनी कप खाली ठेवला, डोळे पुसले आणि खिडकीकडे नीट बघितलं.

"उजाडतंय," त्या म्हणाल्या. "समोरच्या भिंतीचा वरचा काठ उजळलाय. तारेवर एक पाखरू बसलंय. थांबा, सांगते."